लेझर कटिंगसाठी नेस्टिंग सॉफ्टवेअर : पत्र्याची बचत खरोखर किती होते?

प्रश्न – उद्यमबाग_फॅब्रिकेशन (बेळगाव)

नमस्कार. आमचे उद्यमबागेत शीट मेटल आणि फॅब्रिकेशनचे छोटे वर्कशॉप आहे. कामाचा मोठा हिस्सा साखर कारखान्यांच्या देखभालीचा असतो : बगॅस (उसाचा चोथा) कॅरिअरच्या स्लॅट, पाइपलाइनचे फ्लँज (पाइप जोडायच्या गोल कड्या), गसेट (सांध्याला आधार देणाऱ्या प्लेट), मशीनचे गार्ड. त्याखेरीज ऊस वाहतुकीच्या ट्रॉल्यांचे सुटे भाग आणि महाराष्ट्रात कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावकडून येणारे जॉबवर्क (ग्राहकाच्या मालावर करून द्यायचे काम). फायबर लेझर मशीन बसवल्यावर कापण्याचा वेग वाढला, परंतु पत्र्याचा वापर मात्र अपेक्षेइतका सुधारला नाही. महिन्याच्या अखेरीस भंगाराचा ढीग पाहिला की मन अस्वस्थ होते, कारण पत्रा ज्या भावाने आपण विकत घेतो त्याच्या निम्म्याच्या आसपास भावाने तोच पत्रा भंगारवाल्याच्या काट्यावर चढतो.

सध्या मशीनसोबत आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आमचा ऑपरेटर भाग हाताने मांडतो. त्याची नजर उत्तम आहे आणि निवांत वेळ असेल तर तो फार नेटकी मांडणी करतो. पण गळीत हंगाम सुरू होण्याआधी कारखान्यांच्या दुरुस्तीची कामे एकदम अंगावर येतात आणि त्या दिवसांत मांडणीला वेळ देणे शक्य होत नाही. एका विक्रेत्याने स्वयंचलित नेस्टिंगचे, म्हणजे पत्र्यावर भाग कमीत कमी जागेत आपोआप मांडणारे, सॉफ्टवेअर सुचवले असून, त्याच्या म्हणण्यानुसार पत्र्याचा वापर नव्वद टक्क्यांच्या वर जाईल. किंमत आमच्यासारख्याला जड आहे, म्हणून निर्णय घेण्यापूर्वी जाणकारांना विचारतो.

हा नव्वद टक्क्यांचा दावा कितपत ग्राह्य धरावा? मोफत मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम भागेल का? डेमो घेताना नेमके काय तपासावे? आणि अँगल, चॅनल यांसारख्या लांबीच्या मालासाठीही हेच सॉफ्टवेअर उपयोगी पडते का? ज्यांनी प्रत्यक्ष वापरले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ – प्लेट_प्लॅनिंग (मच्छे)

तुमचा प्रश्न आपल्या भागातल्या बहुतेक वर्कशॉपचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

नव्वद टक्के हा आकडा भागाच्या आकारावर अवलंबून असतो, सॉफ्टवेअरवर त्याहून पुष्कळ कमी. स्लॅट किंवा आयताकृती कव्हर प्लेट असेल तर नव्वदच्या वर जाणे अवघड नाही, आणि ते तुमचा ऑपरेटर हातानेही साधत असेल. गोल भागांचे गणित वेगळे आहे. सारख्या मापाची वर्तुळे सरळ ओळी-रांगांत मांडली तर अमर्याद मोठ्या पत्र्यावरसुद्धा ७८.५ टक्क्यांहून अधिक जागा भरत नाही. एक रांग अर्ध्या अंतराने सरकवून त्रिकोणी मांडणी केली तर ९०.७ टक्के ही कमाल मर्यादा आहे. ही भूमितीने सिद्ध झालेली मर्यादा आहे, त्यामुळे कोणत्याही कंपनीचे सॉफ्टवेअर तिच्यापलीकडे जाऊ शकत नाही.

आता तुमच्या फ्लँजचेच उदाहरण घेऊ. समजा, १० मिमी जाडीचा, २५०० × १२५० मापाचा पत्रा आहे आणि त्यातून बाहेरचा व्यास ४०० व आतला व्यास २८० मिमी असलेले फ्लँज काढायचे आहेत. दोन भागांत १० मिमी अंतर ठेवले तर सहा-सहाच्या तीन रांगा, म्हणजे १८ फ्लँज बसतात. इथे त्रिकोणी मांडणीचा आग्रह धरला तर उलट नुकसान होते, कारण १२५० च्या रुंदीत चौथी रांग बसत नाही आणि सरकवलेल्या रांगेतला एक फ्लँज मात्र कमी होतो. या पत्र्याचे वजन सुमारे २४५ किलो भरते आणि बोल्टची भोके सोडून १८ फ्लँजचे वजन साडेनव्वद किलोच्या आसपास. म्हणजे सर्वोत्तम म्हणावी अशी मांडणी करूनही वापर ३७ टक्केच! हा आकडा पाहून ऑपरेटरला दोष देणे किंवा नवे सॉफ्टवेअर घेणे, दोन्ही व्यर्थ आहे.

पण त्याच आठवड्यात, त्याच जाडीचे, बाहेरचा व्यास २५० आणि आतला १५० मिमी असलेले छोटे फ्लँज दुसऱ्या कारखान्याच्या ऑर्डरमध्ये असतील, तर ते मोठ्या फ्लँजच्या मधल्या चकतीतून निघतात. प्रत्येक पत्र्यामागे आणखी ४४ किलो माल हाती येतो आणि वापर ५५ टक्क्यांवर जातो. त्यासाठी एक इंचही जास्तीचा पत्रा लागत नाही. उरलेल्या १५० च्या चकत्यांतून वॉशर, क्लीट किंवा लहान ब्रॅकेट काढता आले तर तो आणखी वाढतो. यात काळजी एवढीच घ्यावी लागते की कापण्याचा क्रम आतून बाहेर असला पाहिजे : आधी छोट्या फ्लँजचे भोक, मग त्याचा बाहेरचा घेर, नंतर मोठ्या फ्लँजचे भोक आणि सर्वांत शेवटी मोठा घेर. क्रम चुकला तर मोठा भाग सुटून हलतो आणि आतली मापे बिघडतात.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की बचतीचे मूळ ऑर्डर एकत्र करण्यात आहे. एकाच जाडीच्या आणि एकाच ग्रेडच्या तीन-चार ऑर्डर एकत्र मांडल्या की मोठ्या भागांमधल्या फटी लहान भागांनी भरतात. सॉफ्टवेअर हे काम झटपट आणि न कंटाळता करते, ही त्याची खरी किंमत. पण आज सकाळी आलेली ऑर्डर आजच, एकटीच, वेगळ्या पत्र्यावर कापायची सवय कायम राहिली, तर महागातले महाग सॉफ्टवेअरही तुम्हाला तेच भंगार देईल.

डेमोबद्दल. विक्रेत्याच्या नमुना फायली बघू नका. तुमच्याच गेल्या महिन्यातल्या ऑर्डरच्या डीएक्सएफ फायली (भागांच्या संगणकीय रेखाचित्रांच्या फायली), खऱ्या नगसंख्येसह त्याच्या हाती द्या आणि अटीही तुम्हीच घाला : दोन भागांतील अंतर, पत्र्याच्या कडेचे अंतर, कोणता भाग किती अंशांत फिरवता येईल. बरेच विक्रेते हे अंतर शून्याजवळ ठेवून आणि प्रत्येक भाग हव्या त्या कोनात फिरवून चित्र दाखवतात. तुमच्याकडे प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवण्याच्या मशीनवर) वाकवायचे भाग असतील, तर वाकवण्याची रेषा शक्यतो पत्र्याच्या रोलिंगच्या दिशेला (कारखान्यात पत्रा ज्या दिशेने लाटला गेला तिला) आडवी हवी. ती समांतर आली की बाहेरच्या बाजूला तडा जाण्याची शक्यता वाढते. असे भाग फक्त शून्य आणि १८० अंशांतच ठेवावे लागतात. चेकर्ड प्लेट आणि ब्रश फिनिश असलेल्या स्टेनलेस पत्र्यालाही हेच लागू. या अटी घातल्यानंतर जो निकाल येईल, तोच तुमचा निकाल.

आणि तुलना टक्क्यांत करू नका, लागलेल्या पूर्ण पत्र्यांत करा. काही सॉफ्टवेअर वापराची टक्केवारी काढताना शेवटच्या पत्र्याचा न कापलेला तुकडा हिशेबातून वगळतात, काही तो धरतात. काही भागाच्या आतले भोकही वापरात मोजतात. एकच मांडणी त्यामुळे एका अहवालात साठ टक्के दिसते आणि दुसऱ्यात पंच्याऐंशी. गेल्या महिन्यात ५ मिमीचे किती पत्रे लागले होते आणि तेच काम या सॉफ्टवेअरने किती पत्र्यांत बसवले, या प्रश्नात अशी पळवाट राहत नाही.

उत्तर २ – खानापूरचा_प्रोग्रॅमर (सध्या पुणे)

वरच्या उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. आतले तंत्र आणि मोफत पर्याय यांबद्दल थोडी भर घालतो.

वेड्यावाकड्या आकारांची सर्वोत्तम मांडणी शोधणे हा संगणकशास्त्रातला अत्यंत कठीण प्रश्न मानला जातो. भाग वाढत गेले की शक्यता इतक्या झपाट्याने वाढतात की सगळ्या तपासून पाहणे कोणत्याही संगणकाला जमत नाही. म्हणून सर्व नेस्टिंग सॉफ्टवेअर अंदाजाच्या पद्धती वापरतात. एका स्थिर भागाभोवती दुसरा भाग स्पर्श करत फिरवला तर त्याचा एक ठरावीक बिंदू जी सीमा रेखतो, ती आधी काढून ठेवली जाते; त्या सीमेच्या आत तो बिंदू गेला की भाग एकमेकांवर चढतात. या सीमांच्या आधारे भाग एकामागून एक बसवले जातात आणि मग क्रम व कोन बदलून अधिक चांगला निकाल शोधला जातो. म्हणूनच सॉफ्टवेअरला दहा सेकंद दिले आणि दहा मिनिटे दिली, तर निकालात फरक पडतो. पहिल्या काही मिनिटांत सुधारणा लक्षणीय असते, पुढे ती मंदावते. दुपारी जेवणाच्या सुट्टीत संगणकाला काम लावून ठेवणे हा अगदी व्यवहार्य उपाय आहे.

मोफत पर्यायांपैकी डीपनेस्ट हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर पाहण्यासारखे आहे. ते एसव्हीजीनेस्ट या आधीच्या मुक्त प्रकल्पावर उभे आहे, क्रम शोधण्यासाठी जनुकीय अल्गोरिदम (चांगल्या मांडण्यांची सरमिसळ करून आणखी चांगली शोधण्याची पद्धत) वापरते, मोठ्या भागाच्या भोकात लहान भाग बसवते आणि शेजारच्या दोन भागांची सरळ कड एकत्र करण्याची सोयही देते. मांडणीच्या गुणवत्तेत ते निराश करत नाही. मात्र ते मांडणीपाशीच थांबते. लीड-इन (काप सुरू करण्याची छोटी रेघ) कुठे द्यायचा, कापण्याचा क्रम काय, लहान भाग पडू नयेत म्हणून मायक्रो-जॉइंट (न कापता सोडलेले बारीक दुवे) कुठे ठेवायचे, उरलेला तुकडा साठ्यात कसा नोंदवायचा, यांतले ते काही करत नाही. हे सगळे तुम्हाला पुन्हा मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये करावे लागेल. सिग्मानेस्ट, लँटेक, प्रोनेस्ट यांसारख्या व्यावसायिक सॉफ्टवेअरचे पैसे मुख्यतः या पुढच्या कामांसाठी आणि मशीनशी थेट जोडणीसाठी द्यावे लागतात. त्यामुळे आधी एक-दोन महिने मोफत सॉफ्टवेअरने फक्त मांडणी करून पाहावी आणि पत्र्यांच्या संख्येत खरोखर फरक पडतो का ते वहीत मांडावे, असे मी सुचवीन.

फायलींची स्वच्छता हा विषय लोक दुर्लक्षित ठेवतात. ग्राहकाकडून आलेल्या डीएक्सएफमध्ये एकाच जागी दोन रेषा एकमेकींवर असतात, घेर एखाद्या कोपऱ्यात उघडा राहिलेला असतो, मापांच्या रेषा आणि शीर्षकाची चौकट तशीच असते. उघडा घेर सॉफ्टवेअरला भाग म्हणून ओळखताच येत नाही आणि दुहेरी रेषा असली तर मशीन त्याच जागी दोनदा कापते. दर फाइल आत घेण्यापूर्वी तपासण्याची जबाबदारी एकाच व्यक्तीकडे असावी.

अँगल आणि चॅनलचा प्रश्न वेगळा, आणि सुदैवाने बराच सोपा आहे, कारण तिथे फक्त लांबी वाटायची असते. या प्रश्नाचा अभ्यास जुना आहे. लेनिनग्राडमध्ये लिओनिद कँटोरोविच यांनी १९३९ मध्ये उत्पादनाच्या नियोजनावर जे गणिती काम प्रसिद्ध केले, त्यात माल कमीत कमी वाया घालवून कापण्याचा प्रश्नही होता; पुढे १९७५ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. १९६१ मध्ये गिलमोर आणि गोमोरी यांनी मोठ्या ऑर्डरसाठीही चालेल अशी रीत दिली. तुमच्या आकाराच्या कामाला मात्र स्प्रेडशीटमधला सॉल्व्हर (उत्तम पर्याय शोधून देणारी सोय) पुरेसा आहे.

उदाहरणार्थ, ६ मीटरच्या अँगलमधून २.२ मीटरचे १० आणि १.५ मीटरचे १० तुकडे हवे आहेत. दोन्ही मापे वेगवेगळी कापायला घेतली तर पहिल्यासाठी ५ आणि दुसऱ्यासाठी ४, असे ९ अँगल लागतात. १.५ चे चार तुकडे एका अँगलमध्ये बसायला हवेत असे वाटते खरे, पण ३ मिमीच्या पात्याचे तीन काप ९ मिमी खातात आणि चौथा तुकडा तेवढा आखूड पडतो. एकत्र विचार केला तर प्रत्येक अँगलमधून २.२ चे दोन आणि १.५ चा एक असे पाच अँगल, आणि उरलेल्या १.५ च्या पाच तुकड्यांसाठी दोन. एकूण ७.

उत्तर ३ – जॉबवर्क_हिशेब (शिनोळी)

तांत्रिक बाजू वर छान मांडली गेली आहे. पण तुम्ही सीमेपलीकडच्या कारखान्यांचे जॉबवर्क करता असे लिहिले आहे, म्हणून एक मुद्दा आवर्जून सांगावासा वाटतो. पत्रा ग्राहकाचा असेल, तर नेस्टिंगमुळे वाचलेला पत्रा कोणाचा, हे ऑर्डर घेतानाच लेखी ठरवा. ग्राहक ढोबळ वजनावर पत्रा पाठवतो, तुम्ही ऑर्डर एकत्र करून त्यातले दोन पत्रे वाचवता, आणि नंतर ते परत द्यायचे की भागांच्या वजनात वळते करायचे यावरून वाद होतो. तीन ग्राहकांचा माल एकाच पत्र्यावर मांडायचा असेल, तर हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. शिवाय प्रत्येकाचे मटेरियल सर्टिफिकेट आणि हीट नंबर (पोलाद ज्या घाण्यातून निघाले त्याचा क्रमांक) वेगळा असतो. प्रेशरच्या पाइपलाइनसाठी फ्लँज असतील तर दुसऱ्याच्या पत्र्यातून काढलेला फ्लँज ग्राहक नाकारू शकतो आणि त्याचे नाकारणे योग्यच असेल. अशा कामात एकत्र मांडणीचा मोह टाळावा.

जीएसटीच्या दृष्टीनेही नोंद नीट हवी. कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कसाठी पाठवलेला कच्चा माल साधारणपणे एका वर्षाच्या आत परत गेला पाहिजे. जॉबवर्कमध्ये निघालेले भंगार, जॉबवर्कर नोंदणीकृत असेल तर, तो आपल्या जागेवरूनच कर भरून विकू शकतो. अन्यथा ते मूळ मालकाने विकायचे असते. परत जाणाऱ्या मालाच्या चलनावर तयार भागांचे वजन, परत दिलेले अखंड तुकडे आणि भंगार अशी तीन वेगळी वजने लिहिली, तर दोन्हीकडचे हिशेब जुळतात आणि ग्राहकाचा विश्वासही वाढतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद – उद्यमबाग_फॅब्रिकेशन

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि मुद्देसूद लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. फ्लँजच्या हिशेबाने माझा दृष्टिकोन बदलला. आमच्याकडे मोठे आणि छोटे फ्लँज खरोखरच एकाच हंगामात येतात, परंतु आम्ही ते ज्या क्रमाने ऑर्डर येतात त्याच क्रमाने कापतो. आता जाडीप्रमाणे ऑर्डर दोन दिवस थांबवून एकत्र मांडण्याचे ठरवत आहे. तातडीच्या दुरुस्तीची कामे त्यातून वगळावीच लागतील, कारण कारखाना बंद ठेवून कोणी आमच्या मांडणीची वाट पाहणार नाही.

एक शंका उरते. आमच्या भिंतीशी उरलेल्या तुकड्यांची मोठी रास उभी आहे. टाकून द्यावे म्हटले तर जिवावर येते, आणि नव्या कामाला त्यातला तुकडा शोधायला गेले तर अर्धा तास जातो, म्हणून ऑपरेटर सरळ नवा पत्रा घेतो. कोणता तुकडा ठेवावा आणि कोणता भंगारात द्यावा, याची काही रीत आहे का?

उत्तर ४ – प्लेट_प्लॅनिंग (मच्छे)

रीत आहे, आणि माझ्या मते नव्या सॉफ्टवेअरच्या आधी हेच काम हाती घ्यावे.

तुकडा ठेवायचा की नाही हे क्षेत्रफळावरून ठरवू नका. लांबलचक, शंभर मिमी रुंदीची पट्टी वजनाला भरपूर भरते, पण तुमच्या गसेटची लहान बाजू १५० असेल तर ती पट्टी निरुपयोगी आहे. त्या जाडीत तुम्हाला वारंवार लागणाऱ्या भागांची यादी काढा, त्यांतल्या लहानात लहान उपयोगी भागाला किती लांबी-रुंदी लागते ते पाहा, आणि त्या मापात न बसणारा तुकडा त्याच संध्याकाळी भंगारात जाऊ द्या. जाडीप्रमाणे माप वेगळे ठरेल. १० किंवा १२ मिमीमध्ये लहान तुकडाही जपण्यासारखा असतो, कारण क्लीट आणि वॉशर प्लेट त्याच जाडीत लागतात. २ मिमीचा तेवढाच तुकडा जागा मात्र अडवतो.

ठेवायचा तुकडा शक्यतो आयताकृती असावा, म्हणून शेवटच्या पत्र्यावर भाग सगळीकडे पसरवून मांडण्याऐवजी एका टोकाला दाबून मांडा आणि लेझरनेच एक सरळ काप देऊन उरलेला भाग जाळीपासून (भाग काढून घेतल्यावर राहणाऱ्या भोकांच्या पत्र्यापासून) वेगळा करा. ही सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये असते. मशीनवरून उतरवतानाच त्यावर पेंट मार्करने जाडी, ग्रेड, लांबी, रुंदी आणि रोलिंगच्या दिशेचा बाण काढा. आपल्याकडे एका पाळीत मराठी आणि दुसऱ्या पाळीत कानडी वाचणारा ऑपरेटर असतो, तेव्हा शब्द टाळून फक्त इंग्रजी आकडे आणि बाण वापरा. दोघांनाही ते क्षणात कळते. हीट नंबर लागत असेल तर तोही तिथेच लिहा, कारण कापल्यानंतर मूळ पत्र्यावरचा शिक्का कोणत्या तुकड्यावर गेला हे शोधत बसावे लागते.

मग हे तुकडे आडवे रचण्याऐवजी उभ्या रॅकमध्ये, जाडीप्रमाणे कप्पे करून ठेवा आणि त्यांची मापे स्प्रेडशीटमध्ये नोंदवा. डीपनेस्ट असो वा मशीनचे सॉफ्टवेअर, मांडणी सुरू करताना आधी हे तुकडे पत्रे म्हणून द्यावेत आणि नवा अखंड पत्रा शेवटी. तुकडा वापरला की नोंद लगेच खोडली पाहिजे. यादीत आहे आणि रॅकमध्ये नाही असे एक-दोनदा झाले की ऑपरेटरचा यादीवरचा विश्वास उडतो आणि तो पुन्हा नव्या पत्र्याकडे वळतो. सध्याच्या राशीसाठी दिवाळीपूर्वीचा एखादा रविवार काढा, वरील मापाने ती निवडा, आणि सहा महिने ज्याला हात लागला नाही असा पातळ पत्रा त्या दिवशीच काट्यावर घाला.